मीठ घातलेला बर्फ

अमरावती, २४ मे २०२५

वर्षाली,

चंदाच्या सहा दिवसांच्या मुक्कामाची खरी किंमत परवा बसून काढली. तीन दिवस आयसीयू. पोरीच्या अंगावरचं तीन किलो वजन, जे मुळातच तिच्याजवळ फार नव्हतं. दोन्ही मनगटांवर सलाईनच्या सुयांचे निळे डाग. चिखलदऱ्याची ठरलेली सहल. तुझ्या आईची झोप. आणि तुझा आवाज, जो नऊ तारखेपासून मी ऐकला नाही. दवाखान्याचं बिल यात धरलं नाही. सगळ्यात स्वस्त तेच पडलं.

माझा फोन तुझ्याकडे एकदाच वाजतो आणि बंद पडतो. याला ब्लॉक करणं म्हणतात हे मला आपल्या मोबाइलच्या दुकानवाल्यानं सांगितलं, वर हसलाही. म्हणून कागद घेतला. अकोल्याच्या दुकानासाठी आपली कुल्फीची पेटी रोज सकाळी जाते, त्याच गाडीत हे पत्र टाकतो. दुकान सांभाळणारे आपले पुंजाजी ते जठारपेठेत तुझ्या हाती देतील. दारात टाकायचं नाही असं बजावलं आहे.

तू दवाखान्यात सगळ्यांसमोर विचारलंस, "चार दिवस साखर चढून राहिली होती, तर मले फोन काहून नाइ केला, बाबा?" तेव्हा मी खाली पाहिलं. उत्तर सोपं होतं. फोन केला असता तर तू दुपारच्या गाडीनं येऊन तिला घेऊन गेली असतीस. दोन वर्षांनी पोट्टी आजोळी आली होती. मला वाटलं, उद्या उतरेल. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं.

बाकी तिच्या पथ्याचं म्हणशील, तर लेकरू आहे. कुल्फीवाल्याच्या घरात राहायचं आणि हात आवरायचा, हे मोठ्यांना जमत नाही. बुधवारी तिच्या तोंडाला पिकल्या आंब्याचा वास येत होता. मी सीताफळाची पेटी न उघडता आतला गर कसा आहे ते सांगतो, माझं नाक फसत नाही. पण मी तिला फार रागावलो नाही, तूही रागावू नकोस. हात जातोच.

तुझी आई तिखट-मीठ लावलेल्या कैऱ्या पाठवते आहे. त्यात साखर नाही.

बाबा


अमरावती, ३० मे

वर्षाली,

पुंजाजी म्हणाले, पत्र तू उंबऱ्यात उभ्यानंच वाचलंस आणि आत गेलीस. वाचलंस, एवढं मला गंज झालं, पुरलं.

पण त्यांनी आणखीही सांगितलं, ते ऐकून माझा चहा निवला. तुझ्या सासूबाई, पार्बताबाई, चंदाची कंपासपेटी उघडून पाहत होत्या म्हणे, चॉकलेट लपवलंय का म्हणून. वर म्हणाल्या, "आता तर आज्यानंच लिहून देल्लं ना, हात जाते म्हणून!" म्हणजे मी पोरीची बाजू सावरायला गेलो आणि माझाच कागद तिच्याविरुद्ध पुरावा झाला. चंदा म्हणत होती, मी नाइ खाल्लं. पुंजाजी म्हणाले, तिनं तीनदा म्हटलं, मग म्हणायचं सोडून दिलं.

ते सोडून दिलं, हे मला लागलं.

म्हणून मी दीपमाला मॅडमकडे गेलो. आपल्या गल्लीत वरच्या माळ्यावर राहतात, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्या. दोन मलई कुल्फ्या नेल्या आणि म्हटलं, "मॅडम, हे साखरेचं काय प्रकरण हाय ते मले, सातवी पास माणसाले, समजल असं सांगा."

त्या म्हणाल्या, "सहदेवभाऊ, आज बाहेर किती आहे?"

"पंचेचाळीस."

"आणि तुमच्या अंगात?"

मी कपाळ चाचपलं.

"सदतीसच्या आसपास. काल तेवढंच, डिसेंबरातही तेवढंच. बाहेर तापलं की घाम सुटतो, तो वाळतो तसं अंग निवतं. थंडी पडली की कुडकुडी भरते, त्या हलण्यानं ऊब येते. तुम्ही सांगता का अंगाला, आता घाम सोड म्हणून?"

"नाइ बा."

"साखरेचंही तसंच. जेवलं की रक्तात साखर चढते. मग पोटाच्या मागं स्वादुपिंड असतं, ते इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन पेशींची दारं उघडतं, साखर आत जाते, रक्तातली उतरते. उपास घडला की उलटं. दुसरा रस सुटतो, यकृतानं राखून ठेवलेली साखर बाहेर काढतो. फार वर नाही, फार खाली नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या फ्रीजरसारखं. जास्त थंड झालं की मशीन बंद, चढलं की सुरू."

"अगदी. फक्त चंदाचा दार उघडणारा राहिलाच नाही. तो तिला रोज सुईतून बाहेरून आणावा लागतो, किती आणायचा तेही मोजावं लागतं. तुमचं-माझं अंग झोपेत जे करतं, ते ही दहा वर्षांची पोर जागेपणी, गणित करून करते. आणि लोक तिला म्हणतात, लक्ष नाही."

मी तिला हेच म्हटलं होतं, मंगळवारी.

मग मी तो वास काढला. म्हटलं, आंबा चोरून खाल्ल्याचा वास लपत नाही. मॅडमनी कुल्फीची काडी बशीत ठेवली. "कुठला आंबा? इन्सुलिन मिळालं नाही की रक्त साखरेनं तुडुंब आणि पेशी उपाशी. मग अंग चरबी जाळायला घेतं. त्यातून आम्ल तयार होतं, श्वास खोल चालतो आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. त्याच वेळी दवाखान्यात न्यायचं असतं, सहदेवभाऊ."

मी तो वास बुधवारी घेतला. दवाखान्यात नेलं शुक्रवारी. मधल्या दिवसात मी तिला विचारत होतो, "कोणत्या पेटीतला काढला? हापूस का लंगडा?" ती म्हणाली, "आबाजी, मले तर पाणीच प्यावंसं वाटते." मला वाटलं, विषय बदलून राहिली.

तर पार्बताबाईंना सांग, तिनं काही खाल्लं नाही. सहदेव कुल्फीवाल्याचं नाक फसलं.

आता रोज सुई टोचूनही साखर उतरली नाही, औषधातच दम कसा नव्हता, तर मला वाटतं तुमच्या मेडिकलवाल्याकडे ते आधीच उन्हात पडलं असेल. पोचवणारी पोरं कसं आणतात देव जाणे. आपल्याकडे तर ते नीटच होतं. थंडाव्याच्या बाबतीत मला कोणी शिकवावं असं अमरावतीत काही नाही, हे तुलाही माहीत आहे.

बाबा


अमरावती, ७ जून, दुपार

वर्षाली,

हे पत्र पेटीची वाट न पाहता आत्ताच निघणाऱ्या एसटीनं पाठवतो आहे. पुंजाजी स्टँडवर उभे राहून घेतील आणि थेट तुझ्याकडे येतील. आधी हे पान वाच, बाकीचं मग.

अनुपरावांचा अर्ध्या तासापूर्वी फोन झाला. जावई तरी माझ्याशी बोलतात. म्हणाले, "मामाजी, चंदाले ऊन लागलं वाटते. घामानं चिंब झाली, हात थरथरून राहिले होते. आईनं कूलरपुढं निजवलं. पण अंग गारच लागे."

गार. तो शब्द मी तिथल्या तिथं पकडला. ऊन लागलेल्या माणसाचं अंग तापतं. मॅडमनी सांगितलं होतं, साखर फार खाली गेली की अंग बोंब मारतं, घाम फुटतो, थरकाप होतो, आणि तो घाम उन्हाचा नसतो. मी विचारलं, "साखर पाह्यली काय?"

"वर्षालीनं पाह्यली ना. बावन्न. ग्लुकोज पाजलं, उठून बसली. या हप्त्यात चौथ्यांदा हाय."

"डोस कोणता चालू हाय?"

"दवाखान्यानंतर वाढवला. डॉक्टर म्हणे, आधीच्या डोसवर एवढी चढली, म्हणजे तो पुरत नव्हता."

मी म्हटलं, डोस कमी करा. त्यांनी विचारलं, काहून? म्हणालो, डॉक्टरला विचारून घ्या, आणि फोन ठेवला. जे बोलवलं नाही ते लिहितो.

आधीचा डोस पुरत होता. डॉक्टरांना हे वाचून दाखव. चंदाला पाच तारखेपासून नऊ तारखेपर्यंत जे औषध दिलं, ते मेलेलं होतं, आणि ते मी मारलं होतं. मेडिकलवाल्याचा काही दोष नाही. मागच्या पत्रात मी त्याच्यावर ढकललं ते खोटं.

चार मे, रविवार. संध्याकाळी वादळ आलं, गल्लीतला खांब वाकला, लाइन गेली. दोन दिवस आली नाही. घरातला फ्रीज बंद. तू जाताना तुझ्या आईला सांगून गेली होतीस, लाइन गेली तर इन्सुलिनच्या शीश्या डब्यात घालून पाण्याच्या मटक्याजवळ ओल्या फडक्यात ठेवा, तेवढा गारवा पुरतो. तुझ्या आईनं मटकं काढलंही. मी हसलो. म्हटलं, "अवं, ज्याच्या घरी रोज वीस लाद्या बर्फ फुटते, त्याची नात मटक्याच्या भरवशावर राहील काय?"

आणि दोन्ही शीश्या मी कुल्फीच्या पेटीत ठेवल्या.

तुला लहानपणापासून माहीत आहे आपण पेटी कशी भरतो. नुसत्या बर्फानं दूध गोठत नाही. बर्फात जाडं मीठ घालावं लागतं, तेव्हा तो बर्फापेक्षा थंड होतो. अचलपूरहून मी चौदाव्या वर्षी इथं आलो तेव्हा मालक मिठाचं माप सांगत नसे. मी डब्याचा आवाज ऐकून ते शिकलो. मीठ कमी पडलं की डबा फिरताना पाण्यासारखा वाजतो, बरोबर पडलं की खरखरतो. त्या मापावर मी हातगाडीपासून दुकानापर्यंत आलो. आणि त्याच मापात मी तिचं औषध ठेवलं. चांगलं दोन मुठी जास्त मीठ घातलं, नातीसाठी.

सोमवारी सकाळी दोन्ही शीश्यांत पांढरा खडा झाला होता. मी त्या हातात धरून विरघळवल्या. पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसलं. दुधाची कुल्फी विरघळली तरी दूधच राहतं, एवढंच माझं शास्त्र. तेच तिला टोचलं. रात्री दोनशे साठ. मंगळवारी तीनशे चाळीस. बुधवारी चारशेच्या वर. मंगळवारी लाइन आली, शीश्या फ्रीजच्या दारात गेल्या, आणि मी आंब्याच्या पेट्या मोजत बसलो, कोणती उघडली म्हणून.

हे लिहायला बसण्याआधी मी औषधाच्या खोक्यातला कागद मॅडमकडून वाचून घेतला. बारीक अक्षरात आहे. गोठवू नये. गोठल्यास वापरू नये.

मला हे माहीत नव्हतं, वर्षाली. हे माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे. कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. मी शिकलो तेच मुळी ऐकून. सांगणारा लहान का मोठा हे मी कधी पाहिलं नाही. गाडी ढकलणाऱ्या पोराकडूनही मी पिस्त्याचा भाव शिकलो. एक शब्द माझ्या कानावरून जात नाही, हे बाजारात कोणालाही विचार.

आधी डॉक्टरांना फोन कर. राग नंतर.

बाबा


अमरावती, १३ जून

वर्षाली,

डॉक्टरांनी मला बोलावलं तेव्हा तू तिथं होतीस, त्यामुळे तो भाग तुला माहीत आहे. तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. मी सगळं पुन्हा तोंडानं सांगितलं. शीश्या कशा ठेवल्या, मीठ किती, कशा विरघळवल्या. डॉक्टर तुझ्याच वयाचा असेल, पण ओरडला नाही. डोस उतरवला, कागदावर लिहिलं आणि एवढंच म्हणाला, "काका, हे महिनाभर आधी सांगायला पाहिजे होतं. असाच घाम तिला झोपेत फुटला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं."

त्याचं वाक्य मी गाडीत बसून अकोल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत ऐकत आलो.

पुंजाजी म्हणतात, चार दिवसांत तिला एकदाही थरकाप झाला नाही. आणि पार्बताबाई काल तिथल्या दुकानात येऊन त्यांना म्हणाल्या, "पोट्टीची कंपास मी उगाच चाळली, बाप्पा. तिच्यापुढं बोलायची सोय नाइ राहिली मले." बाई मोठ्या मनाची. मी अजून तेवढं बोललो नाही.

कारण माझं सात तारखेचं पत्र तू परत पाठवलंस. वाटलं होतं, फाडून पाठवशील. पण ते घडी घालून होतं, आणि मागं तुझ्या अक्षरात एक ओळ. महिनाभरात तुझ्याकडून आलेला पहिला शब्द. "चंदाला विचारलं, तुला काही माहीत होतं का? ती म्हणते, आबाजींना विचार."

तुझ्या आईला मी ते वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "अजी, आता तरी लिहा. त्या लेकरानं तुमच्यापायी किती दिवस तोंड शिवून बसावं?" म्हणजे तिलाही ठाऊक होतं. स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे.

तर लिहितो. यानंतर तू चंदाला कधीच इकडे पाठवली नाहीस, तरी मी विचारणार नाही. पण ती खोटी होती असं तुमच्या घरात कोणाच्या मनात कणभरही राहिलं असेल, तर ते आज निघालं पाहिजे. ती खोटी नव्हती. ती माझा शब्द सांभाळत होती.

सोमवारी सकाळी मी पेटी उघडली तेव्हा चंदा माझ्याजवळच उभी होती, हातात मीटर घेऊन. शीशीतला पांढरा खडा तिनं माझ्याआधी पाहिला. शीशी माझ्या तळहातात विरघळत असताना ती सुई हातात घेऊन थांबली होती, टोचून घेत नव्हती. मी म्हटलं, "काहून थांबली वो? घे." तिनं टोचून घेतलं. मग बुधवारी साखर चारशेच्या वर गेली तेव्हा ती स्वतः माझ्याकडे आली. तिला सारखी तहान लागत होती, डोळे आत गेले होते. मी म्हटलं, "हे शीशीचं आईले सांगू नको. तुझी आई पुन्हा तुले माझ्याकडे पाठवणार नाइ. आपल्या दोघांतच राहू दे." ती म्हणाली, "नाइ सांगत." मी हात पुढं केला, तिनं टाळी दिली.

आयसीयूत तिला तू विचारलंस, काय खाल्लंस? ती म्हणाली, काही नाही. तू विचारलंस, मग काय झालं? तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. मी माझ्या चपलेकडे पाहिलं. त्यानंतर तुमच्या घरात तिला चोर म्हटलं गेलं, तिच्या पेट्या चाळल्या गेल्या, आणि तिनं टाळी मोडली नाही. दहा वर्षांची आहे.

सात तारखेच्या पत्रात मी लिहिलं की गोठलेलं औषध वापरू नये हे मला माहीत नव्हतं, कोणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

सोमवारी, पहिल्या सुईच्या आधी, चंदानं माझी बाही ओढून सांगितलं होतं, "आबाजी, गोठलं की फेकून द्या लागते, आईनं शिकवलं मले. कोपऱ्यावरच्या मेडिकलातून नवं आणा." मेडिकल उघडं होतं.

बाबा